कापला तरी जुळणारा जेल: पीव्हीए, टाकणखार आणि अंगावर बांधायचा सेन्सर

पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि टाकणखार (बोरॅक्स) यांचा जेल ब्लेडने कापा, दोन्ही तुकडे एकमेकांना टेकवा, काही मिनिटांत तो पुन्हा एकसंध होतो. एवढं करून दाखवायला एक दिवस पुरतो. पण त्याच जेलची पट्टी कोपरावर बांधायची आणि तासाभरानंतरही तिचे आकडे विश्वासाचे राहावेत, असं ठरवलं की खरं काम सुरू होतं. ज्या दुव्यांमुळे हा जेल जुळतो, त्याच दुव्यांमुळे तो ओघळतो, आणि त्याच दुव्यांना घाम सोसत नाही. म्हणून इथे जेल बनवण्याइतकीच जागा त्याला कोंडून ठेवण्याला आणि मोजण्याला दिली आहे.

महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत होईल अशी ही कृती आहे. पट्टी ताणली की तिचा विजेचा रोध वाढतो; तो मोजून सांध्याची हालचाल आणि श्वासाचा वेग पाहता येतो. निदान करता येत नाही, आणि तसं कुणाला सांगूही नये. आजारासाठी वापरायचं उपकरण भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं, आणि तो रस्ता फार वेगळा आहे.

जेल जुळतो म्हणजे काय होतं

टाकणखार पाण्यात विरघळला की बोरिक आम्ल आणि बोरेट आयन जवळजवळ समसमान तयार होतात आणि द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, ९.२ च्या आसपास स्थिरावतो. पीव्हीए ही लांबलचक साखळी, आणि तिच्यावर दर दुसऱ्या कार्बनला एक हायड्रॉक्सिल गट असतो. एक बोरेट आयन एका साखळीचे दोन आणि दुसरीचे दोन गट धरतो. ही पकड सतत सुटत आणि लागत असते. कापलेल्या कडेवर अशा सुटलेल्या पकडी भरपूर असतात. कडा टेकल्या की त्या समोरच्या साखळीला धरतात. उष्णता किंवा गोंद काही लागत नाही.

या सुटण्या-लागण्याची किंमतही आहे. गोळा ताटलीत ठेवून दिला तर काही वेळाने तो पसरून भाकरीसारखा होतो. सावकाश ओढला तर तार निघते, झटक्याने ओढला तर तटकन तुटतो. सामू ७ च्या खाली गेला की बोरेटचं बोरिक आम्ल होतं, पकडणारे आयन संपतात आणि जेलचा पुन्हा घट्ट पाक होतो. त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो. म्हणजे उघडा जेल अंगावर ठेवणं जेलसाठीही वाईट, आणि टाकणखारातल्या बोरॉनमुळे त्वचेसाठीही.

गंमत म्हणजे याच्या अगदी उलट वागणारा जेलही आहे. २०१२ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्याच्या लेखकांत रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले ही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी जोडलेली नावं होती. त्यांचा जेल आम्लात जुळतो आणि अल्कलीत सुटतो. जुळणं म्हणजे एकच एक युक्ती नव्हे, हे लक्षात राहावं म्हणून हा उल्लेख. त्या जेलचं रसायन मात्र बाजारात असं सहज मिळणारं नाही, म्हणून आपण टाकणखारावर येऊ.

सामान घेताना कुठे फसायला होतं

पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची भुकटी. पुड्यावर १७९९ असा क्रमांक असेल तर घ्या: १७ म्हणजे साखळीत सुमारे १७०० कड्या आणि ९९ म्हणजे ९९ टक्के हायड्रॉलिसिस, म्हणजे ॲसिटेट गट काढून तिथे हायड्रॉक्सिल गट आणणं. १७८८ ची भुकटी कमी तापमानाला विरघळते म्हणून मोह होतो, पण तिच्या साखळीवर ॲसिटेट गट शिल्लक असतात आणि बोरेटला धरायला जागा कमी पडते. सुतारकामाचा पांढरा गोंद हा पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, पीव्हीए नव्हे. त्याचा स्लाइम होतो, सेन्सर होत नाही.

टाकणखार रसायनांच्या दुकानातून सोडियम टेट्राबोरेट डेकाहायड्रेट या नावाने घ्या. दोन चुका नेहमी होतात. पहिली, कॅरमची पावडर आणणं. ती बोरिक पावडर, म्हणजे बोरिक आम्ल. तिने जेल बनतच नाही. शंका असेल तर चिमूटभर पाण्यात विरघळवून त्यात हळद टाका. टाकणखार असेल तर, साबण लागलेला हळदीचा डाग होतो तसा, तांबूस रंग येईल; बोरिक पावडरमध्ये हळद पिवळीच राहील. दुसरी चूक, आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून टाकणखाराची लाही आणणं. खड्याच्या टाकणखारात वजनाच्या सुमारे ४७ टक्के पाणी असतं. लाही फुलवताना ते उडून जातं, त्यामुळे तेवढ्याच वजनात बोरेट जवळपास दुप्पट भरतं आणि जेल कडक, ठिसूळ होतो.

मीठ शुद्ध सोडियम क्लोराइडच हवं. स्वयंपाकाच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात आणि जेल गढूळ होतो. ग्लिसरीन औषधाच्या दुकानातलं चालेल, पण गुलाबपाणी मिसळलेलं नको. पाणी डिस्टिल्ड. बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं, मात्र बाटलीवर आम्ल लिहिलेलं नाही ना, हे पाहून घ्या. बोअरचं पाणी नको. त्यातलं कॅल्शियम बोरेटशी जुळून पांढरं धुकं धरतं.

एका घाण्यासाठी मापं अशी. पहिलं द्रावण: पीव्हीए ५ ग्रॅम, पाणी ४२ ग्रॅम, ग्लिसरीन ३ ग्रॅम, मीठ अर्धा ग्रॅम. दुसरं द्रावण: टाकणखार २ ग्रॅम, पाणी ५० मिली; यातलं फक्त साडेबारा ग्रॅम लागेल. हाती सुमारे ६० ग्रॅम जेल येतो. त्यात पीव्हीए ८ टक्के आणि टाकणखार ०.८ टक्के असतो. वाया जाणारा धरला तरी पंचवीस-तीस पट्ट्या निघतात. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. मिठाचं वजन चुकलं की रोध बदलतो आणि एका घाण्याची पट्टी दुसऱ्या घाण्याशी जुळत नाही.

वजन करताना मास्क आणि हातमोजे घाला. बोरॉनची संयुगं पोटात गेल्यास प्रजननक्षमतेला धोका असतो, म्हणून युरोपात टाकणखार त्या वर्गात नोंदलेला आहे. स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नका. मुलांच्या हाती उघडा जेल देऊ नका.

पीव्हीए विरघळवणं

पिठल्यात गुठळ्या का होतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही पायरी समजावावी लागत नाही. भुकटी गरम पाण्यात टाकली की प्रत्येक कणाभोवती चिकट कवच तयार होतं आणि आत कोरडं पीठ राहतं. म्हणून पाणी थंड घ्या, ढवळत राहा आणि भुकटी शिंपडत टाका. अर्धा तास फुगू द्या. मग चंचुपात्र झाकून पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि ९० ते ९५ अंशांवर एक ते दीड तास सावकाश ढवळा. थेट शेगडीवर ठेवलंत तर तळाला लागतं. ९९ टक्क्यांची पीव्हीए ८० अंशांच्या खाली पूर्ण विरघळत नाही; नुसती पांढुरकी लापशी होते आणि पुढे जेलमध्ये खडे लागतात.

आधी रिकाम्या पात्राचं वजन लिहून ठेवा. शेवटी भरलेलं पात्र पुन्हा तोला आणि उडून गेलेलं पाणी गरम पाण्याने भरून काढा. ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि मग म्हणतात, मागच्या वेळी तर चांगला झाला होता. दीड तासात चार-पाच ग्रॅम पाणी उडालं तर पीव्हीएचं प्रमाण दहावा हिस्सा वाढतं. घट्टपणा त्याहून किती तरी जास्त वाढतो.

द्रावण पूर्ण पारदर्शक झाल्यावरच मीठ आणि ग्लिसरीन घाला. मीठ सुरुवातीला घातलं तर पीव्हीए विरघळायला कुरकुरते, कारण मीठ पाण्याला आपल्याकडे ओढून धरतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं म्हणून लागतंच. पण त्यालाही शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट असतात, तेही बोरेट पकडतं आणि सामूही खाली आणतं. ३ ग्रॅमचं ६ केलंत तर जेल उशिरा वाळेल हे खरं, पण तो सैलही होईल. वाळण्यावरचा खरा उपाय आवरण आहे, जास्तीचं ग्लिसरीन नव्हे.

मिसळणं आणि मळणं

टाकणखार ५० अंशांच्या पाण्यात लगेच विरघळतो, पण गार झाल्यावर ४ टक्क्यांचं द्रावण काठावर असतं. थंडीच्या सकाळी तळाशी खडे दिसतात. म्हणून ते कोमटच वापरा. मीठ या द्रावणात टाकायचं नाही ते याच कारणाने: सोडियम वाढलं की टाकणखार आणखी लवकर खाली बसतो.

पीव्हीएचं द्रावण ७० ते ८० अंशांवर ठेवा. गरम असताना बोरेटची पकड ढिली असते, त्यामुळे मिसळायला थोडी उसंत मिळते. कोमट टाकणखार अडीच-अडीच ग्रॅमचे पाच हप्ते करून, बारीक धारेने, काचेच्या जाड कांडीने ढवळत घाला. सगळं एकदम ओतलं तर वर लगेच कातडं धरतं, आत पातळ पीव्हीए अडकते आणि पाणी बाहेर सुटतं. तिसऱ्या हप्त्यानंतर जेल कांडीवर चढू लागतो. हे बिघाडाचं लक्षण नाही, या पदार्थाचा स्वभावच तो. चुंबकीय ढवळणी इथे थांबते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका.

पाचवा हप्ता संपला की गोळा बाहेर काढा आणि हातमोजे घालून कणकेसारखा पाच ते दहा मिनिटं मळा. सुरुवातीला पाणचट चिकट भाग आणि घट्ट भाग वेगळे लागतात. ते एक झाले की थांबा. मळताना हवेचे बुडबुडे शिरतात. गोळा डब्यात घट्ट झाकून ६० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा आणि मग रात्रभर बाहेर. ओघळण्याचा दुर्गुण इथे उपयोगी पडतो: जेल आपणच सपाट होतो आणि बुडबुडे वर येऊन फुटतात.

सकाळी बोटाने दाबून पाहा. चांगला जेल दाबल्यावर लगेच परत येतो आणि कोरड्या हाताला जरासा चिकटतो, पण हातावर राहत नाही. हातावर राहिला तर टाकणखार कमी पडला किंवा पाणी जास्त झालं. कडेने पाणी सुटत असेल आणि ओढल्यावर कडकन तुटत असेल तर टाकणखार जास्त झाला. कमी पडला तर अर्धा-अर्धा ग्रॅम द्रावण मळून वाढवता येतं. जास्त झाला तर तो घाणा टाकून द्यावा. वरून पीव्हीए मिसळून सारखा झालेला जेल क्वचितच पाहायला मिळतो.

पट्टी पाडण्यासाठी ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) दोन पारदर्शक प्लास्टिक शीटमध्ये जेल ठेवा, चारही बाजूंना २ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या लावा, वर वजन ठेवून अर्धा तास दाबा. काचेवर दाबू नका, काचेला तो धरून बसतो. मग ब्लेडने ६० बाय १० मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. ब्लेड पाण्यात बुडवून घेतलं की कड ओढली जात नाही.

तारा कशाच्या जोडायच्या

या जेलमध्ये वीज इलेक्ट्रॉन नेत नाहीत. सोडियम, क्लोराइड आणि बोरेट हे आयन नेतात. जुळणाऱ्या पदार्थात धातूचे कण घालून इलेक्ट्रॉनचा रस्ता करण्याची पद्धतही आहे: स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाने २०१२ साली निकेलचे सूक्ष्म कण वापरून तसा पदार्थ दाखवला. पण पाण्याच्या जेलमध्ये आयनच स्वस्त आणि सोयीचे. फक्त मोजण्याची रीत मग बदलते.

तांब्याची तार खोचलीत तर दोन दिवसांत तिच्याभोवती हिरवट-निळा डाग दिसेल. ॲल्युमिनियमही या अल्कलीत टिकत नाही. स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी घ्या, ३१६ मिळाली तर उत्तम. ८ बाय २५ मिलिमीटरचे तुकडे कापा. पट्टीच्या टोकाला आडवी चीर देऊन जाळीचा १० मिलिमीटर भाग आत सरकवा आणि वरचा जेल दाबून टाका. जेल जाळीच्या छिद्रांतून आरपार जाऊन स्वतःला जुळतो आणि जाळी पक्की धरली जाते. सपाट पत्रा घातला तर तो ओढताना सरकतो. मधला मोकळा भाग ४० मिलिमीटर राहील. तार जाळीच्या बाहेरच्या टोकाला डाख देऊन किंवा चिमटीत दाबून लावा. डाख जेलच्या जवळ नको.

आवरण

जेलचा आकार जेलने सांभाळायचा नाही, तो आवरणाने सांभाळायचा. हे एकदा पटलं की बरेच प्रश्न सुटतात. काही जण ओघळणं थांबवायला जेल गोठवून वितळवतात. उणे १८ ते २० अंशांवर रात्रभर ठेवलं की पीव्हीएच्या साखळ्यांचे छोटे स्फटिक बनतात आणि जेल ताठ होतो. पण हे स्फटिक तुटले की खोलीच्या तापमानाला पुन्हा बनत नाहीत; जेवढं ताठ कराल तेवढं जुळणं जातं. फार तर एकच फेरी करा. जुळण्यासाठीच हा पदार्थ निवडला असेल तर एकही नको.

आवरणाचे तीन भाग. अंगाच्या बाजूला जखमेवर लावतात ती पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म, उदाहरणार्थ टेगाडर्म. ती ताणली जाते, त्वचेला मानवते आणि घामाचे थेंब किंवा आम्ल आत येऊ देत नाही. जेलच्या चारही बाजूंना ॲक्रिलिक फोमसारख्या पारदर्शक दुहेरी टेपची चौकट; व्हीएचबी मालिकेतली ४९१० ही १ मिलिमीटर जाड असते, तिचे दोन थर लावले की २ मिलिमीटर होतात. वरून त्याच मालिकेतल्या अर्ध्या मिलिमीटरच्या ४९०५ चं झाकण, आणि बाहेरच्या चिकट बाजूला टाल्कम पावडर, नाही तर शर्ट चिकटून बसतो. चौकट जेलच्या कडेपासून ४ मिलिमीटर तरी रुंद हवी. तार बाहेर पडते तिथे टेप दोन्ही बाजूंनी दाबून बंद करा. पाणी सगळ्यात आधी तिथूनच जातं. व्हीएचबी थेट त्वचेवर मात्र लावू नका, ओढून काढताना कातडी दुखावते.

पॉलियुरेथेन फिल्ममधून वाफ जाते. म्हणूनच ती जखमेला चालते आणि म्हणूनच जेल हळूहळू वाळतो. सिलिकॉन रबरही वाफ सोडतो. पारदर्शक आणि दाट दिसतो म्हणून तो पाणी अडवेल, असा समज करून घेऊ नका. नव्या सेन्सरचं वजन लिहा आणि रोज तोला. वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं की जुनं मापन रद्द समजून मापनाची जुळवणी (कॅलिब्रेशन) नव्याने करा. वैशाखात विदर्भात उघडी पट्टी दुपारपर्यंत चामड्यासारखी होते. आषाढात कोकणात तीच पट्टी ग्लिसरीनमुळे हवेतलं पाणी ओढून घेते. न वापरलेले सेन्सर झिपच्या पिशवीत, सोबत ओल्या कापसाचा बोळा घालून ठेवा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. जुळतो तो जेल, आवरण नव्हे. फिल्म फाटली तर आतला जेल सावरेल, पण फिल्मला वरून ठिगळच लावावं लागेल.

जुळल्याची खरी परीक्षा

कापलेल्या जेलमधून एलईडी पुन्हा पेटलेला दाखवणं ही या विषयातली आवडती करामत. ती फारसं काही सिद्ध करत नाही. दोन ओल्या कडा नुसत्या टेकल्या तरी आयन पार होतात आणि रोध काही सेकंदांत पूर्वपदावर येतो. ताकद यायला वेळ लागतो. शिवाय बॅटरीची सरळ वीज (डीसी) लावली की तारेपाशी पाण्याचं विघटन होऊन बुडबुडे येतात.

एकाच शीटमधून दहा पट्ट्या कापा. पाच तशाच ठेवा. पाच मधोमध कापून लगेच टेकवा, दहा सेकंद हलका दाब द्या आणि झाकलेल्या डब्यात तासभर ठेवा. एका अर्ध्या भागाला खाण्याचा रंग लावला तर सांधा नेमका कुठे आहे ते दिसतं. मग सगळ्या दहा पट्ट्या एकाच वेगाने ओढा. मिनिटाला ५० मिलिमीटर हा वेग हाताने पट्टीवर बघूनही साधता येतो. वेग इथे सर्वांत महत्त्वाचा. सावकाश ओढली तर जुळलेली पट्टीही लांबच लांब जाते आणि आकडा फुगतो. जुळलेल्या पट्ट्यांची तुटतानाची सरासरी लांबवाढ भागिले न कापलेल्यांची, गुणिले शंभर. कुणी जुळण्याची टक्केवारी सांगितली की आधी वेग आणि थांबण्याचा वेळ विचारावा.

जुळत नसेल तर क्रमाने पाहा. कड कापून पाच-दहा मिनिटं उघडी राहिली का? वाळलेल्या कडेवर साखळ्या हलत नाहीत. कोमट पाण्याचा एक थेंब लावून पुन्हा टेकवा, किंवा मिलिमीटरभर कापून ताजी कड काढा. हातमोज्यांची पावडर लागली का? हाताचा घाम किंवा लिंबू-व्हिनेगर लागलं का? खोली फार थंड आहे का? थंडीत पकडी सुटायला वेळ लागतो, म्हणून जुळायलाही लागतो.

मोजणी

४० बाय १० बाय २ मिलिमीटरच्या पट्टीचा रोध वरच्या मापांनी साधारण २ ते ४ किलोओहम येतो. साध्या मल्टिमीटरने मोजायला गेलात तर आकडा एकसारखा चढत राहतो. जेल बिघडलेला नसतो. मीटर सरळ वीज सोडतो आणि आयन तारेपाशी साचतात. वीज उलटसुलट द्यावी लागते.

आर्डुइनो उनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर हे एका रोधकात जमतं. आठव्या पिनपासून २.२ किलोओहमचा रोधक, त्याच्या दुसऱ्या टोकाला ए-शून्य पिन आणि जेलची एक तार, जेलची दुसरी तार नवव्या पिनला. आठवी पिन वर (हाय), नववी खाली (लो), २०० मायक्रोसेकंद थांबा, ए-शून्य वाचा. मग आठवी खाली, नववी वर, तेवढंच थांबा, पुन्हा वाचा. नंतर दोन्ही खाली. पहिल्या वाचनाला ‘न’ म्हटलं तर जेलचा रोध = २.२ किलोओहम × न ÷ (१०२३ − न). दोन्ही वाचनांची बेरीज १०२३ च्या जवळ यायला हवी. ती दहा-पंधराने सरकली तर आयन साचत आहेत: जाळी लहान पडली, गंजली, किंवा दोन्ही दिशांचा वेळ सारखा नाही. ही फुकटची तपासणी आहे, प्रोग्राममध्ये कायम ठेवा.

जेलचा रोध रोधकाएवढा असताना वाचनातली एक पायरी म्हणजे रोधात ०.४ टक्के बदल. सोळा वाचनांची सरासरी घेतली की श्वासासाठी पुरेसं बारीक दिसतं. अंगावर लावलेलं असताना आर्डुइनो पॉवरबँकेवर चालवा, भिंतीला लावलेल्या लॅपटॉपवर नको.

मापनाच्या जुळवणीसाठी, म्हणजे किती ताणाला किती रोध हे ठरवण्यासाठी, पट्टी फूटपट्टीवर ताणा: १०, २०, ३०, ५० टक्के, दर वेळी दहा सेकंद थांबून, आणि मग उतरत्या क्रमाने परत. जेलचं आकारमान बदलत नाही. लांबी वाढली की आडवा छेद त्याच पटीत घटतो, म्हणून रोध लांबीच्या वर्गाने वाढतो. अपेक्षित पटी १.२१, १.४४, १.६९ आणि २.२५. आकडे याहून कमी आले तर जाळीपाशीचा रोध मोजणीत मिसळतो आहे किंवा जेल जाळीवरून सरकतो आहे. खूप जास्त आले तर आनंद मानू नका, पट्टीत कुठे तरी चीर पडली आहे किंवा ती मानेसारखी बारीक झाली आहे. परतीचे आकडे जाण्याच्या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत. जेल आणि व्हीएचबी दोन्ही सावकाश परत येतात. हा फरक नोंदवून ठेवा, लपवू नका.

आता तापमान. आयनांची वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. टेबलावरची पट्टी अंगावर लावली आणि ५ अंशांनी तापली की रोध १० टक्क्यांनी उतरतो, म्हणजे पट्टी ५ टक्के आखडल्यासारखं दिसतं. म्हणून लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच शून्य ठरवा. कोपर, गुडघा किंवा बोटाच्या वाकण्यात रोध कितीतरी जास्त बदलतो, तिथे हे चालून जातं. श्वासासाठी पट्टी न ताणणाऱ्या कापडी पट्ट्याच्या मध्ये शिवा आणि पट्टा बरगड्यांखाली बांधा, म्हणजे श्वासाबरोबर होणारी घेराची सगळी वाढ जेलच्या वाट्याला येते. सेकंदाला २० वाचनं पुरतात. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. गेल्या अर्ध्या मिनिटाची सरासरी वजा केली की तापमानाचा आणि वाळण्याचा संथ उतार निघून जातो आणि लाट उरते. मनगटावर ठेवून नाडी पाहण्याचा प्रयत्न या जाडीच्या पट्टीने करू नका. हाताच्या हालचालीत ती बुडून जाते.

एका जागी सलग दोन-तीन तासांहून जास्त लावू नका. त्वचा लाल झाली, खाज आली किंवा फिल्मखाली ओल दिसली तर काढून साबणाने धुवा. जखमेवर, पुरळावर कधीच नाही.

भांड्यांना लागलेला जेल घासून निघत नाही. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. दहा मिनिटांत तो पातळ होऊन वाहून जातो. उरलेला जेल पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत किंवा बागेत नको, जास्तीच्या बोरॉनने झाडांची पानं कडेने करपतात.